प्रतिपिंड तोडायला मांस मऊ करायची पावडर चालेल का?

आपला प्रश्न असा आहे की, कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) जर मांस मऊ करायच्या पावडरीत स्वस्तात मिळत असेल, तर प्रतिपिंडांचे (म्हणजे परक्या पदार्थांना धरणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांचे, अँटीबॉडींचे) तुकडे पाडण्यासाठी प्रयोगशाळांनी महागडे शुद्ध पपेन का घ्यावे. वर्गात केळ्यातला डीएनए काढून दाखवायचा असेल, तर ती पावडर खुशाल वापरावी. तिथे प्रथिने कुठेही तुटली तरी बिघडत नाही. प्रतिपिंडांसाठी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी १९५० च्या सुमारास सशाच्या प्रतिपिंडांवर पपेन वापरले, ते अशुद्धच होते. प्रतिजनाला (प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या पदार्थाला) धरून ठेवणारे तुकडे त्यांना मिळाले, पण रेणूची रचना त्यातून उलगडली नाही. पुढे स्फटिकरूप पपेन हाती आल्यावर त्यांनी लंडनमध्ये तोच प्रयोग नव्याने केला, आणि १९५९ च्या शोधनिबंधात दाखवून दिले की एका प्रतिपिंडाचे साधारण सारख्या आकाराचे तीन तुकडे होतात : दोन प्रतिजनाला धरतात, तर तिसरा धरत नाही, पण डायलिसिसमध्ये (पातळ पडद्यातून लहान रेणू काढून टाकताना) सहज त्याचे स्फटिक बनतात. प्रतिपिंडाची आज पाठ्यपुस्तकात दिसणारी वाय आकाराची आकृती ज्या कामावर उभी राहिली, त्यातले हे मोठे काम. १९७२ चे नोबेल पोर्टर यांना जेराल्ड एडेलमन यांच्यासह मिळाले.

शुद्धतेने एवढा फरक पडतो, कारण चिकात पपेन एकटे नसते. कायमोपपेन, कॅरिकेन यांसारखी त्याची भावंडेही असतात, आणि पावडरीत तर बहुतेक वेळा मीठ किंवा स्टार्चच अधिक असते. मग नक्की किती विकर पडले, हे कसे सांगणार?

शुद्ध पपेनही बाटलीतून काढून थेट टाकल्यास बऱ्याचदा निपचित असते. त्याच्या साखळीतल्या २५ व्या जागेवरील सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक मोकळा असेल तरच ते प्रथिन तोडते, आणि हवेतल्या ऑक्सिजनने तो गंधक बांधला जातो. म्हणून त्याच दिवशी बनवलेले सिस्टीनचे द्रावण आणि जड धातूंना अडकवून ठेवणारे ईडीटीए सोबत घालतात. पोर्टर यांनी १०० भाग प्रथिनाला १ भाग पपेन घेऊन, पीएच ७ ला, ३७ अंश सेल्सिअसवर १६ तास ठेवले होते. आपण मात्र ठरावीक वेळाने नमुने काढून जेलवर (प्रथिनांचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) पाहावेत, कारण प्रत्येक प्रतिपिंड सारख्या वेगाने तुटत नाही. काम झाले की आयोडोअ‍ॅसिटामाइड घालून विकर थांबवावे, नाहीतर ते मिळालेले तुकडेही कुरतडत बसते. वाय आकारातल्या, प्रतिजनाला धरणाऱ्या दोन्ही भुजा एकमेकींना जोडलेल्याच हव्या असतील, तर पपेनऐवजी पेप्सिन हे दुसरे विकर घ्यावे.

कोरडे पपेन तोलताना धूळ उडू देऊ नये आणि मास्क लावावा. ती श्वासातून गेल्याने ॲलर्जी होऊन दमा जडल्याच्या नोंदी आहेत.