फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कसे मागायचे?

गेल्या काही वर्षांत इंदूरची बरीच मुलं-मुली एकच तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आलीत. घरूनच सॉफ्टवेअरची कामं करतात, काम चांगलं चालतं, पण झोप नाही, क्लायंटकडे पैसे मागताना घशाला कोरड पडते आणि घरचे रोज म्हणतात, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, जा ना तिकडे. म्हटलं एकदा लिहूनच टाकू. खालची गोष्ट एकाची आहे, त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

हा मुलगा सियागंजच्या व्यापाऱ्यांना बिलिंग आणि स्टॉकची सिस्टीम बसवून द्यायचा. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, पोस्टग्रेस हा डेटाबेस, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोणीही फुकट घ्यावा, बदलावा. हे ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईच्या फ्रॅपेवाल्यांचं आहे म्हणे, मला त्याच्याकडूनच कळलं. एका शेठने कुठूनतरी ऐकलं आणि सरळ विचारलं, "भिया, ये तो फ्री का है, फिर पैसे काहे के?" याने तिथल्या तिथे बिल निम्म्यावर आणलं. त्यानंतर प्रत्येक कोटेशन टाकताना तोच आवाज कानात.

पहिल्या भेटीत म्हणाला, "ताई, मी करतो काय? दुसऱ्याचा कोड उतरवून घेतो, चार ठिकाणी बदल करतो आणि पैसे घेतो. फसवणूकच झाली ना?"

इथे कोणीही त्याला समजावायला लागलं असतं की अरे लायसन्समध्ये परवानगी असते वगैरे. पण ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. फ्री सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ ज्याने सुरू केली त्या रिचर्ड स्टॉलमनने स्वतः 1985 साली ईमॅक्स या आपल्या एडिटर प्रोग्रामच्या टेप 150 डॉलरला विकल्या होत्या, हे त्यानेच मला सांगितलं! म्हणजे माहितीची कमी नव्हतीच. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करणारी बाई, माझा अनुभव असा की माणसाला त्रास शेठच्या वाक्याचा होत नाही, त्या वाक्यावर आपण मनात जो निकाल देऊन टाकतो त्याचा होतो. तो निकाल नेमका काय आहे हे शोधण्यातच आमच्या बऱ्याच भेटी गेल्या, आणि घाई केली नाही हे बरंच झालं.

एक दिवस तो खूप थकून आला. रात्री दोनला शेठच्या मुलाचा व्हॉट्सॅप, प्रिंट येत नाही म्हणून, आणि हा उठून बसला. मी विषय बदलला, म्हटलं तुझ्या त्या जगातलं काहीतरी सांग. तर त्याने 2024 मधला एक्सझेडचा किस्सा सांगितला. फाइल छोट्या करायचं एक साधं टूल, कितीतरी लिनक्स मशीनवर असतं आणि सांभाळणारा बरीच वर्षं एकटा माणूस. अनोळखी लोक मागे लागले, किती हळू करतोस, दुसऱ्याला हातात दे. मदतीला आलेल्या एकाने विश्वास कमावला आणि शेवटी चोरदरवाजा घुसवला. पकडला कसा, तर एका पोस्टग्रेसवाल्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून.

दुसरा कोणी असता तर अर्धा सेकंद पकडणाऱ्याबद्दल बोलत बसला असता. हा मात्र पुन्हापुन्हा त्या थकलेल्या माणसावर येत होता. माझे कान टवकारले.

"तो त्या लोकांना काही बोलला का?"

"हो, त्याने लिहिलं होतं की हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. बरोबरच आहे ना ताई, तो कोणाला बांधील नव्हता. बहुतेक लायसन्समध्ये लिहिलेलंच असतं, जसं आहे तसं घ्या, वॉरंटी नाही."

"मग सोमवारी सकाळी शेठचं दुकान उघडलं आणि बिल निघालं नाही तर वॉरंटी कोणाची?"

"माझी."

"त्या कोडवाल्यांची नाही?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे मी कोड विकतच नाहीये."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागलीत. थोड्या वेळाने त्याचं त्यानेच पुढे नेलं की रात्री दोनला उठणं हे काम नव्हतंच, ती परतफेड होती, फुकटचं घेतलंय तर झोप देऊन फेडू. आणि ज्यांचा कोड घेतला त्यांनी तर काहीच मागितलं नव्हतं.

तुमचंही असंच असेल तर आधी कोटेशन नीट लिहा. सॉफ्टवेअरची किंमत शून्य, असं वरच छापा, लपवू नका. खाली बसवायचे किती, जुना डेटा आणायचे किती, शिकवायचे किती, बॅकअपचे किती आणि वर्षाचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वेगळा. व्यापाऱ्याला एएमसी कळतो, एसीचा देतोच तो. रात्रीच्या फोनचा दर वेगळा लिहा, म्हणजे खरंच अडलं असेल तोच फोन करेल. एखादा बग सापडला आणि दुरुस्त केलात तर तो मूळ प्रोजेक्टला परत पाठवा, उपकार फेडायचेच असतील तर ही जागा योग्य आहे, झोप नव्हे. आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न दरवर्षी भरा. सॅलरी स्लिप नसली की होमलोनला बँक रिटर्नच बघते, लग्नाच्या बोलणीतही तोच कागद कामी येतो, हसू नका.

शेठने एएमसीवर भरपूर घासाघीस केली, पण दिला. रात्रीचे मेसेज अजून येतात, हा सकाळी दहाला उत्तर देतो, मात्र पहिले काही दिवस फोन उशाशी ठेवून जागाच असायचा, ते एकदम जात नाही. बाबांचा टीसीएसचा हट्ट तसाच आहे. पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन ये म्हटलंय.