द्वेषातून हल्ला, धमकी किंवा भिंतीवर घाणेरडं लिखाण झालं, तर नगरपालिका-ग्रामपंचायत काय करू शकते?

बरंच काही, पण तयारी आधीपासून हवी. भिवंडीचंच बघा. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतली साधी माणसं होती. बैठकीत नळाचं भांडण, नवरा-बायकोचे वादही यायचे. त्यातून ओळखी झाल्या आणि अफवा उठली की विचारायचं कुणाला, हे ठरलेलं असायचं. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला हे फार मोलाचं वाटतं.

घटना घडल्यावर नगराध्यक्षांनी किंवा सरपंचांनी त्याच दिवशी पीडिताच्या घरी जावं, सोबत इतर समाजाची माणसं न्यावीत. भिंतीवरच्या मजकुराचे आधी फोटो, पोलिसांचा पंचनामा, मग लगेच रंग. तक्रार द्यायला सोबत कुणीतरी हवंच. एकटा माणूस ठाण्याच्या दारातून परत फिरतो. घटना जातीय अत्याचाराची असेल तर गावात परस्पर 'मिटवून' टाकू नका. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवायला लावा आणि समाजकल्याण विभागाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा पाठपुरावा करा.