गंगाधरशास्त्री जरा थांबतील

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मोडीचा वर्ग संपून महिना झाला नाही, तोच तुला पुराभिलेखागारात गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचे कागद धुंडाळायचे आहेत. हौस कळते. गायकवाडांचा वकील, म्हणजे दूत, हिशेबाचा तंटा घेऊन पेशव्यांकडे जातो आणि जुलै १८१५मध्ये पंढरपुरात मारला जातो. नवशिक्याला भुरळ पडणारच. पण त्या साली पत्रावर मिती कशी घातली असेल, सांग बघू? ‘सीत अशर मयातैन व अलफ’. अरबी आकडे, तेही एकंपासून: सहा, दहा, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन १२१६, त्या काळच्या कागदांवरची कालगणना. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. हे पाढ्यासारखं घोक. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. घाईत एकाचं दुसरं वाचलंस तर बापाचं पत्र नातवाच्या काळात जाऊन पडेल.

आणि सुरुवात घरगुती पत्रांनी कर. दरबारी पत्राचे मायने ठरलेले, अर्धं पत्र सवयीनं वाचता येतं. घरच्या पत्रात माणूस कुठे वळेल, नेम नाही; तिथे अक्षर न् अक्षर वाचावंच लागतं.

आमच्याच माळ्यावरच्या पेटीतलं एक पत्र मी वाचलं होतं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग अक्षरं टांगतात. शब्द तोडायचे आपण. ओळ अशी: ‘पैकापाठवलानाहीतरअब्रूजाती’. मी वाचलं, ‘पैका पाठवला नाही तर अब्रू जाती’. वर्षभर त्या पूर्वजाला कंजूष म्हणत हिंडलो. मग एकदा घडीखाली दबलेली पुढची ओळ दिसली: ‘उपकार फिटत नाहीत’. पैका पाठवला होता रे! नाही तर अब्रू जाती, असं होतं ते. भल्या माणसाची मीच घालवली.

म्हणून नक्कल करताना शब्द तोडू नकोस. ओळ जिथे संपते तिथेच संपव, अडलेल्या अक्षराजागी टिंब ठेव. ऱ्हस्वदीर्घाचा आधार मोडीत मिळत नाही. ‘दिन’ की ‘दीन’ हे मागचापुढचा मजकूरच सांगेल. घडी नखानं सरळ करू नकोस. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलंस, तर माझं नाव सांगू नकोस तिथे.

रविवारी ये, ते पत्र काढून ठेवतो. येताना भिंग आण. माझं नातवानं मुंग्या बघायला नेलंय.