जुन्या घरात नवीन ओव्हन लावताय? आधी वायर बघा

ताई, ओव्हन नुसता सॉकेटमधे खुपसून मोकळं होऊ नका. आधी मागच्या पट्टीवर वॅट किती लिहिलेत ते बघा, कारण ३००० वॅटचा बिल्ट-इन असेल तर २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर ओढणार आणि तेही तासभर सलग, मिक्सरसारखं दोन मिनिटांचं काम नाही ते. जुन्या घरात बऱ्याचदा १ किंवा दीड स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर जाडीची) वायर असते, काही ठिकाणी तर चक्क अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारली की तो जॉइंट हळूहळू सैल होऊन तापतो. आमच्याकडे कन्व्हर्टर प्लग लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर ओटीजी (टेबलावरचा छोटा ओव्हन) चालवला होता, नानकटाईचा दुसरा घाणा चालू असताना जळका वास आला, मला वाटलं नानकटाईच करपली, बघते तर प्लगची पिन सॉकेटला चिकटलेली!

तर मेन बोर्डापासून ओव्हनपर्यंत वेगळी ४ स्क्वेअरची तांब्याची लाइन, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट असं करून घ्या. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालायची नाही हं. अर्थिंग खरंच आहे का तेही तपासून घ्या, तिसरं भोक असलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, आणि कोणी न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणाला तर सरळ चहा पाजून घरी पाठवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवा. वीजबिलावरचा मंजूर भारही बघा, म्हणजे घराला किती किलोवॅट मंजूर आहेत ते. हे सगळं लायसनवाल्या वायरमनकडूनच, घरी प्रयोग नकोत.