वाचकांचे प्रश्न : दहा वर्षांनी यात कुठला बल्ब लावणार?

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम सुरू आहे. कंत्राटदार सगळीकडे पॅनल लाइट बसवू म्हणतो, एकूण 22 नग. शेजाऱ्यांचे तसलेच दिवे तीन वर्षांत एकेक करून गेले आणि त्या मापाचे परत मिळाले नाहीत. काय करावं? (नाशिक)

उत्तर : खोक्यावर 25,000 तास लिहिलेले असतात. रोज पाच तास धरले तर जवळजवळ 14 वर्षं. पण हा आकडा एलईडी चिपचा, तिचा उजेड 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. त्याच्या कितीतरी आधी ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, जातो, आणि ड्रायव्हरमध्येही बहुधा कपॅसिटर. सीलिंगच्या पोकळीत हवा खेळत नाही, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

म्हणून सगळे 22 पॅनल घेऊ नका. हॉल, ओटा, अभ्यासाचं टेबल अशा रोज तासन्‌तास दिवा लागणाऱ्या जागी होल्डरचे दिवे घ्या. सगळ्यात निर्धास्त म्हणजे बी22, आपला नेहमीचा पिनांचा होल्डर. 2015 पासून सरकारच्या उजाला योजनेत घरोघर गेलेले बल्ब याच टोपीचे आहेत; 9 वॅटचा बल्ब गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतो. आट्यांचा मोठा होल्डर, ई27, हाही चालेल. झुंबराचा बारीक ई14 शहरात सहज मिळतो, तालुक्याच्या गावी विचारून ठेवा. जी9, म्हणजे खुपसून बसवायचा छोटा बल्ब, मात्र टाळा. एलईडीचा जी9 मूळ हॅलोजनपेक्षा लांब आणि जाड असतो, त्यामुळे काचेच्या छोट्या कपात बऱ्याचदा मावतच नाही.

उरलेल्या जागी पॅनल बसवताना तीन गोष्टी पाहा. ड्रायव्हर वेगळ्या डबीत आणि कनेक्टरने जोडलेला असावा. चिपांच्याच पट्टीवर ड्रायव्हर बसवलेला दिवा गेला की अख्खा फेकायचा. डबीवरचा मजकूर, समजा '300 मिलीअँपिअर, 30–45 व्होल्ट', फोटो काढून जपून ठेवा. नवा ड्रायव्हर घेताना मिलीअँपिअर तोच हवा आणि पॅनलचे व्होल्ट त्या पट्ट्यात बसायला हवेत. जास्त करंटचा लावलात तर चार दिवस लख्ख उजेड पडेल, मग चिपा जळतील. आणि सीलिंगच्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवून त्याच लॉटमधले दोन पॅनल जादा घ्या. पुढच्या लॉटचा पांढरा रंग जुळेलच असं नाही; शेजारीशेजारी लावल्यावर तो फरक डोळ्यांत खुपतो.

दुकानात वॅट पाहून भाव करू नका, ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, पाहा. 9 वॅटमागे 900 ल्युमेन ठीक. त्याच वॅटेजचा 700चा बल्ब स्वस्त वाटला तरी वीज तेवढीच खातो. बल्बच्या खोक्यावर आयएस 16102 हा एलईडी बल्बच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर तो परत ठेवा.

प्रश्न : सोसायटीच्या जिन्यात चार फुटी 36 वॅटच्या 24 ट्यूब आहेत. फिटिंग बदलावं की फक्त ट्यूब? (डोंबिवली)

उत्तर : पट्टी आणि होल्डर शाबूत असतील तर फक्त ट्यूब. जुन्या ट्यूबचा साठा मात्र करू नका. तिच्यात पारा असतो, आणि पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या 2023च्या परिषदेत अशा सरळ फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 अखेर थांबवायचं ठरलं आहे, आणि भारत 2018 पासून या करारात आहे.

तांब्याच्या चोकसह एक ट्यूब साधारण 48 वॅट खाते, एलईडी 20. रोज बारा तासांनी एका ट्यूबमागे वर्षाला सुमारे 122 युनिट वाचतात, 24 मिळून तीन हजारांच्या आसपास.

काम वायरमनकडूनच करून घ्या. एमसीबी पाडायचा, स्टार्टर काढायचा, चोक सर्किटबाहेर करायचा. मग ट्यूबवरची आकृती पाहायची. काहींना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. दोन टोकांच्या ट्यूबमध्ये एक बाजू आधी बसली की दुसऱ्या बाजूच्या पिनांवर करंट येऊ शकतो, म्हणून बटण बंद असणं पुरेसं समजू नका. शेवटी पट्टीवर 'चोक काढला आहे, एलईडीच लावा' असं मार्करने लिहा. नाहीतर पुढचा माणूस जुनी ट्यूब आणून खोचेल.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून टेबल लॅम्प आणला आहे. इथे चालेल का? (पुणे)

उत्तर : सोबतचा बल्ब 120 व्होल्टचा असेल तर अजिबात लावू नका. होल्डर अमेरिकन ई26 असतो. त्यात आपला ई27चा 230 व्होल्टचा बल्ब बहुतेक वेळा नीट बसतो. लॅम्पमध्ये डिमर किंवा हात लावून चालू करायची सोय असेल तर ती 120 व्होल्टसाठीच असते, जळेल. ती काढून साधं बटण बसवा. प्लग बदलावा लागेलच. आपला दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे होल्डरच्या आट्यांत फेज येऊ शकते. बल्ब बदलताना प्लग उपसूनच हात घाला.

प्रश्न : बाथरूमच्या बंद गोल काचेत एलईडी बल्ब वर्षभरही टिकत नाही. (सावंतवाडी)

उत्तर : उष्णता कोंडते. 9 ऐवजी 5 वॅटचा लावा, किंवा मोठा गोळा घ्या. तरीही गेला, तर होल्डरचे पिन तपासा. दमट हवेत ते काळे पडतात आणि ठिणग्या उडून ड्रायव्हर मरतो.