अनुदान सोडा, टपरीचा करार पाहा

प्रश्न : आमच्या व्यापारी संकुलात ४६ गाळे आहेत. भोगवटा प्रमाणपत्र २०१३ चं. पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे. तिथे येणाऱ्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंनी रॅम्प नसल्याची तक्रार केली आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडून आम्हाला नोटीस आली. नकाशे आणि फोटो मागितले आहेत. अडीच महिने झाले, उत्तर दिलेलं नाही. सभासद म्हणतात, सरकारला रॅम्प हवा तर सरकारनं पैसे द्यावेत. असं काही अनुदान आहे का? शिवाय सुप्रीम कोर्टानं तो नियमच रद्द केल्याचं एका सभासदानं सांगितलं. आमचा वॉचमन अशा लोकांना उचलून लिफ्टपर्यंत नेतो, त्यामुळे अडचण अशी होत नाही. नकाशात रॅम्प आहे, पण २०१६ पासून सभेच्या ठरावानं त्या जागी मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. तिचा अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्याच्या ३१ तारखेला संपतो. – एका गाळेधारक संस्थेचे सचिव

उत्तर : सचिव महोदय, रॅम्पच्या खर्चाबद्दल अशी पत्रं मला बरीच येतात आणि बहुतेकांत खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत असते. तुमच्याही आहे. म्हणून शेवटापासून सुरू करतो.

मंजूर नकाशात रॅम्प होता. त्या नकाशाच्या जोरावर इमारतीला भोगवटा मिळाला. तीन वर्षांनी तुमच्याच सर्वसाधारण सभेनं ठराव करून ती जागा भाड्यानं दिली. म्हणजे पैसे नाहीत म्हणून रॅम्प झाला नाही, अशी तुमची केस नाहीच. रॅम्पची जागा तुम्ही बंद केलीत आणि तिचं भाडं घेत आलात. आयुक्तांपुढे नकाशा आणि ठराव शेजारी शेजारी ठेवले, की अनुदानाचा मुद्दा तिथेच संपतो.

यात दिव्यांग हक्क कायद्यापर्यंत जायचीही गरज पडत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ पुरेसा आहे. मंजूर नकाशा सोडून विनापरवानगी केलेला बदल कलम ५२ खाली गुन्हा ठरतो आणि कलम ५३ खाली महापालिका जागा पूर्ववत करायला लावू शकते. तक्रारदार बाईंनी माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागितली, तर हे त्यांच्याही लक्षात येईल.

आता ती ३१ तारीख. टपरीचा करार नोंदणीकृत आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दर वेळी स्टँपपेपरवर सह्या करून कागद कपाटात ठेवला असेल, तर तुम्ही मोठा धोका पत्करला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. तसा नसेल, तर अटी-शर्तींबाबत जागा वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. उद्या टपरीवाल्यानं 'मी भाडेकरूच आहे' असा पवित्रा घेतला, तर दिवाणी दावा लावावा लागेल. राहत्या घराचा लायसन्सधारक मुदतीनंतर हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे कलम २४ चा जवळचा रस्ता असतो. व्यापारी जागेला तो नाही. दावा, जबाब, मुद्दे, पुरावा, अपील. जागा रिकामी करून घेण्याच्या दाव्यात माणसं म्हातारी झालेली मी पाहिली आहेत. तोवर रॅम्प नाही, आणि आयुक्तांपुढे मात्र तुम्हीच उत्तरदायी.

म्हणून कराराचं नूतनीकरण करू नका. ३१ तारखेनंतरचं एक रुपयाही भाडं घेऊ नका, नाहीतर करार पुढे चालू ठेवल्याचा अर्थ काढला जाईल. मुदत वाढवणार नसल्याचं पत्र आजच पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. त्याच आठवड्यात त्या माणसाला भेटाही. त्यानं काही चोरून जागा बळकावलेली नाही, तुम्हीच ती त्याला दिली. एखादा रिकामा गाळा किंवा नकाशाला धक्का न लावणारी दुसरी जागा सवलतीत देता आली, तर द्या. समजुतीनं उठणारा माणूस तुमची पाच-सात वर्षं वाचवेल.

नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नं चौकशीपुरते आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. मागितलेली कागदपत्रं न देणं हा कलम ९३ खाली वेगळा गुन्हा आहे : २५ हजारांपर्यंत दंड आणि टाळाटाळ चालूच राहिली तर दिवसाला एक हजारापर्यंत. आयुक्तांचा अंतिम आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, कोर्टाच्या हुकुमासारखा नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण शिफारस महापालिकेकडे गेली, की पुढची नोटीस नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची असेल. अडीच महिने कागद दाबून ठेवून काय साधलं, हे मला खरंच कळलेलं नाही.

सुप्रीम कोर्टाबद्दल सभासदानं अर्धंच सांगितलं. राजीव रतूडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला दिव्यांग हक्क कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांपैकी नियम १५(१) रद्द झाला, तो जाचक होता म्हणून नव्हे. सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता येण्याची, मानकं कायद्यानं सक्तीची असायला हवीत आणि या नियमानं ती नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवली, म्हणून. न्यायालयानं केंद्राला सक्तीचे नियम तीन महिन्यांत करायला सांगितलं आणि ते न पाळणाऱ्यांवर दंडासकट कायद्यातले परिणाम लागू करायला सांगितले. हा निकाल ढाल म्हणून पुढे करू नका. जुन्या इमारती सुगम्य करायला त्याच कायद्याच्या कलम ४५ नं दिलेली पाच वर्षांची मुदत नेमकी कुठून मोजायची आणि कलम ८९ चा दंड (पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख) तुमच्यावर आज बसेल का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. जून २०१७ च्या नियमांपासून मोजलं, तर मुदत जून २०२२ मध्येच संपली. नकाशातला रॅम्प मात्र या वादात सापडत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाखाली इमारतींसाठी मिळालेला निधी सरकारी इमारतींसाठी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी राखून ठेवायचा पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी आहे, गाळेधारकांसाठी नाही. दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम ३५ मध्ये खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे, पण ती दिव्यांग कर्मचारी नेमण्यासाठी. १९९५ च्या जुन्या कायद्यात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द होते, तेही सरकार आणि स्थानिक संस्थांपुरते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४४ आणि ४५ मध्ये ते शब्द नाहीत. छोट्या दुकानदारांना अशा कामासाठी बिनव्याजी कर्ज मिळावं, असं माझं ठाम मत आहे. ती मागणी आमदारांकडे जरूर करा. नोटिशीच्या उत्तरात ती लिहू नका. खर्च दुरुस्ती निधीतून करता येईल, त्यासाठी सभेचा ठराव घ्या. आयकरात तो कसा दाखवायचा, ते तुमचे सीए सांगतील.

आता वॉचमन. उत्तराच्या मसुद्यात ते वाक्य असेल, तर खोडा. एका कोर्टात माझ्या अशीलाची साक्ष पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. दोन शिपायांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. वळणावर खुर्ची तिरकी झाली. बाईंनी एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं साडी सावरली. वर पोचल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता येईना, आणि तेवढ्यात पुढची तारीख पडली. दात दाखवायला आलेल्या बाईला अनोळखी पुरुषानं उचलावं, हे तुम्हाला अडचणीचं वाटत नसलं तरी त्यांना वाटतं. म्हणून तर त्यांनी तक्रार केली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटर धरली, तर उंची ४५ सेंटीमीटर. १ ला १२ हा उतार राखायचा, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. कंत्राटदारानं सुचवलेला दोन मीटरचा लोखंडी पत्रा टाकलात, तर उतार १ ला साडेचारच्या आसपास येईल. एकट्या माणसाला त्यावर खुर्ची चढवता येणार नाही, ती मागे उलटेल. असले रॅम्प गावोगावी दिसतात, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात पैसेही जातात आणि माणूस खालीच राहतो. इंजिनिअर आणि आर्किटेक्टच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाचा विषय घालायची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. ते शिक्षण साइटवरच्या कंत्राटदारापर्यंत अजून पोचलेलं नाही. म्हणून नकाशातली मापं तुम्ही स्वतः टेप घेऊन तपासा. लिफ्टचं दारही मोजा. ते ९० सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेळ मागता येईल.

उत्तरात पुढच्या सात दिवसांत एवढं जाऊ द्या : उशिराबद्दल दिलगिरी, मंजूर नकाशाची प्रत, टपरीचा करार संपण्याची तारीख, वाढ न देण्याच्या पत्राची पोचपावती, सभेच्या नोटिशीची प्रत आणि रॅम्प पूर्ण होण्याची तारीख. जी पाळता येईल तीच तारीख लिहा. बाईंचा पत्ता तक्रारीत असेलच. उताराचं सिमेंट पडण्याआधी, फळ्यांचा साचा लागला की त्यांना यायची विनंती करा आणि खुर्ची नीट चढते का, ते त्यांनाच विचारा.