सवयी बदलल्या तर वडिलांची प्रोस्टेटची वाढ कमी होईल का?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, शेतकरी, रात्रीत चार-पाचदा लघवीला उठतात, आणि गावातले लोक म्हणतात पाणी तोडा. तर आधी सांगतो, सवयींनी प्रोस्टेटची, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीची, गाठ लहान होत नाही. ती वयामुळे आणि पुरुषी हार्मोनमुळे वाढते, साठीनंतर निम्म्या पुरुषांत थोडीफार असतेच. ती म्हणजे कॅन्सरही नव्हे. त्रास मात्र सवयींनी खूप कमी-जास्त होतो.

आम्ही वाळवा तालुक्यातले. उसाला लाइट रात्रीची, म्हणून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रात्री दहाचा चहा ठरलेला. उलट दिवसभर रानात पाणी जवळजवळ नाहीच, सारखं उठावं लागतं म्हणून. त्यानं लघवी गडद व्हायची, जळजळायची, वर पोट साफ नाही. बद्धकोष्ठानंही लघवी अडते, हे आम्हाला कुठं माहीत!

गेल्या थंडीत सर्दी झाली म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळी आणून घेतली. पहाटे लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं, आबा भिंतीला कपाळ टेकवून उभे, तोंडातून शब्द नाही. मिरजेला नेऊन नळी घातली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे तिथं कळलं. धार बारीक झालेल्या माणसाला अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता पाणी दिवसा भरपूर, सातनंतर घोटभर. शेवटचा चहा चारला. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून तासभर पडतात, कारण पायात उतरलेलं पाणी रात्री लघवीवाटे येतं. लघवी झाली की जरा थांबून पुन्हा प्रयत्न करतात. रात्री जेवणानंतर डॉक्टरांनी दिलेली गोळी असते. तिनं चक्कर येऊ शकते, म्हणून आधी खाटेवर बसायचं, मगच उठायचं. पाच वेळांचं दोनवर आलंय.

शुगर नक्की तपासा, मधुमेहानंही असंच उठावं लागतं. लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि वडील स्वतःहून सगळं सांगतील असं धरू नका. आबांनी दोन वर्षं लपवलं, फक्त आईला ठाऊक होतं. त्यांच्या पाण्याच्या पाळीच्या वहीतच आम्ही तीन दिवस लिहिलं: किती वाजता उठले, मापानं किती झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफीआधी तीच वही मागितली.